वणेवरचं बंदर

११ जानेवारी, रविवार

सकाळीच बंडूभाऊ दारात. (यापुढे बं.भा. लिहीन. एवढा मोठा माणूस वहीत पूर्ण मावत नाही.) फ्रान्सहून येऊन तीन आठवडे झाले, पण अंगातला निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा खलाशी सदरा उतरलेला नाही. पोटावर पट्ट्या ताणून रुंद होतात. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. आता हिंगणघाटात कापसाचं जिनिंग, आणि पिंपळघाटच्या ‘जलवारसा समिती’चा अध्यक्ष. समिती त्यानंच काढली आणि अध्यक्षही त्यानंच निवडला.

हातात गुळगुळीत कागदाची इंग्रजी पुस्तिका. ब्रिटनी प्रांतातलं दुआर्नने नावाचं बंदर. (पुढे दु.) कोळ्यांचं गाव, शिडाच्या जुन्या नावा, नावांचं संग्रहालय, धक्क्यावर खानावळी. म्हणे, हे मराठीत कर. पिंपळघाटला वणा नदीच्या पात्रात आपल्याला हेच उभारायचं आहे.

“अबे, नदी हाय आपल्यापाशी, डोंगा हाय, ढिवर हायेत. आखीन काय पाह्यजे?”

मी म्हटलं, समुद्र. तर म्हणाला, तुझा खवचटपणा पेपरातल्या सदरापुरता ठेव.

मोबदला: मे महिन्यात समितीचा दु.ला अभ्यासदौरा, त्यात माझ्या दोन जागा. शैला पोह्यांच्या बशा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. माझ्या बायकोनं जन्मात समुद्र एकदाच पाहिलाय, तोही ओहोटीचा. लांबवर चिखल आणि चिखलापलीकडे एक रेघ.

बं.भा. शाळेत खोडरबर मागितलं तर अर्धं तोडून द्यायचा. तो दोन जागा देतोय म्हणजे काहीतरी आहे. हो म्हणालो.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ खात खात भाषांतर. पहिली चार पानं झाली.

दु. गाव सार्डिन नावाच्या मासोळीवर उभं राहिलं. कोकणात तारली म्हणतात म्हणे, आमच्या बाजारात कधी दिसली नाही. पुरुष ती पकडून आणायचे, बाया कारखान्यात डब्यात भरायच्या. डोक्याला पांढऱ्या टोप्या, हात दिवसभर तेलात. आता गावातून फिरायला खास वाट आखली आहे, पायाखाली मासोळीची चित्रं बसवलेली, त्यांच्या मागे मागे चालायचं. ओहोटीला एका बेटावर पायी जाता येतं. भरतीआधी परत फिरायचं, नाहीतर राहायचं तिथंच. लोणी आणि साखरेचा थर थर घालून केलेला एक केक. शैलानं तो परिच्छेद दोनदा वाचायला लावला.

खरं सांगायचं तर गाव आवडलं. हेच खटकतंय. मला सहसा काही आवडत नाही.

१८ जानेवारी, रविवार

बं.भा.च्या सांगण्यावरून पिंपळघाटला. त्याला पुस्तिकेच्या शेवटी ‘आपली परंपरा’ असं एक पान हवंय. ढिवरमोहल्ल्यात, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत, आज वाळूची वाटणी होती, ती बघ आणि लिहून आण, म्हणाला.

पाणी उतरलं की वणेत वाळू उघडी पडते. तीत ढिवरांची नऊ घरं डांगरवाडी लावतात. खड्डे खणून, शेणखत घालून डांगरं म्हणजे खरबुजं, टरबुजं, काकड्या. उन्हाळाभर तेच पोट. दर पावसाळ्यात नदी वाळू इकडची तिकडे करते, म्हणून गेल्या वर्षीची जागा यंदा कोणाची नसते. दरवर्षी नव्यानं वाटणी. नऊ घरांच्या नऊ खुणा एका घमेल्यात टाकतात. कोणाची कवडी, कोणाची जाळ्याची शिशाची गोळी, कोणाचं सदऱ्याचं बटण. वरून फडकं. मग परक्या माणसानं डोळे मिटून एकेक खूण काढायची. परकाच पाहिजे, मोहल्ल्यातला चालत नाही. मागच्या साली एका दूधवाल्याला सायकलवरून उतरवलं होतं.

यंदा मी.

गोदाबाई पचारे म्हणजे मोहल्ल्यातला शेवटचा शब्द, तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. साठीची, विधवा, हिंगणघाटच्या बाजारात डांगरं विकते, गिऱ्हाइकानं दाबून पाहिलं की त्याचा हात धरते. मला म्हणाली, “काढा सर. तुमचं अठी काही नाई, म्हून तुमचा हात.”

तिची कवडी सर्वांत शेवटी निघाली, कडेची जागा, पाण्यालगत. कुरकुरली नाही. तिचा धाकटा दीर महादेव, याला मधली लांबरुंद जागा मिळाली, तर तोच अवघडल्यासारखा हसत होता.

वाळूचं काहीही ठरवायचं तर नऊही घरं बसतात. एक घर नाही म्हणालं तर नाही. कागद कुठलाच नाही. मी विचारलं, मग भांडणं? गोदाबाई: “भांडाले वाळू पुरली पाह्यजे ना. नदी येते अन् समदं पुसून नेते.”

मी सगळं टिपलं. पान सुंदर दिसावं म्हणून रकाने आखले: घर, यंदाची जागा, खूण. प्रत्येकाची सही किंवा अंगठा घेतला. वर मथळा दिला, ‘वाळूची वाटणी: पिंपळघाटची एक परंपरा’. अक्षर छान लागलं होतं. लोक खूश, आपलं नाव छापून येणार.

२३ जानेवारी, शुक्रवार

बं.भा.ला पान दिलं. त्यानं एवढं मन लावून माझं काहीच कधी वाचलं नव्हतं. अंगठ्यांवरून बोट फिरवलं. “वा सर.” मला सर म्हणाला. तेव्हाच उठायला हवं होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

भाषांतर पान नऊ ते पंधरा. पुस्तिकेत ‘एकेकाळी’ अकरा वेळा आलंय. पेन्सिलीनं खुणा केल्या. एकेकाळी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसे. एकेकाळी पहाटे कारखान्याची घंटा होई. काही कारखाने अजून चालतात म्हणे, पण ते एका ओळीत. पाहुणे बहुधा एकेकाळी बघायलाच येतात.

संशय असा, की आधी मासा जातो, मग संग्रहालय येतं. पिंपळघाटला मासा अजून आहे. मग घाई कशाची?

८ फेब्रुवारी, रविवार

पुस्तिका घेऊन मोहल्ल्यात गेलो. उगाच. म्हणजे उगाच नाही, गोदाबाईला चित्रं दाखवायची होती. वेल लागले आहेत, ती हातानं एकेका रोपाला पाणी घालत होती. हात पदराला पुसून चित्रं पाहिली. बराच वेळ.

“येवढे डोंगे, अन् फोटोत मासा एकही नाई?”

मी वीस वर्षं सदर लिहितो. हे मला दिसलं नव्हतं.

टोप्यावाल्या बायांवर बोट ठेवलं. “ह्या काय करून राह्यल्या?” मासे डब्यात भरतायत, मी म्हटलं. “आता?” आता नाही, एकेकाळी. “मंग आता कुठी गेल्या?” पुस्तिकेत लिहिलेलं नाही, असं सांगितलं. “तुमी लिहून राह्यले ना पुस्तक? मंग इचारा.”

परतताना महादेव भेटला. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. समितीनं चार शिवून घेतलेत, नागपूरहून. त्याला ‘मुख्य नावाडी’ करणार आहेत. त्याचा डोंगा निळा रंगवलाय, रंग अजून ओला, म्हणून गेले पाच दिवस तो मासे धरायला गेला नाही. आमच्याकडे वारसा सुरू झाला म्हणायचा.

१५ फेब्रुवारी, रविवार

पान अठरा. तीनदा वाचलं.

दु.ची खाडी भरतीला भरते, ओहोटीला रिकामी होते. संग्रहालयाच्या नावा चिखलात कलंडून पडतील, म्हणून खाडीच्या तोंडाशी बांध घालून दार बसवलं. आता पाणी बारा महिने एकाच उंचीवर राहतं, नावा कायम तरंगतात, पाहुण्यांची कधीच निराशा होत नाही.

वणेत बारा महिने पाणी नसतं. फेब्रुवारीत तर डोंगा टेकतो. मग बं.भा.चे चार डोंगे तरंगणार कशावर?

पिंपळघाटच्या खाली जुना बंधारा आहे. त्याच्या दारांत पावसाळ्यानंतर फळ्या बसवून पाणी अडवलं, तर ते मागे कुठपर्यंत येईल, मला उंची-बिंची कळत नाही. पण वाळू कुठं आहे ते कळतं.

शैलाला वाचून दाखवलं. ती पासपोर्टचे फोटो पाकिटात घालत होती. ते तिनं पुन्हा मोजले. तिच्या मोजण्याचाही आता संशय येतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जिनिंगवर गेलो. सरळ विचारलं. बंधाऱ्याच्या फळ्या उन्हाळ्यात ठेवणार का?

बं.भा. चहा सांगतो. दुसरा चहा सांगतो. मग म्हणतो, फक्त चार महिने. आणि डांगरवाडी? “डांगरं का फक्त अठीच पिकतात? त्यायले रोजगार देऊन राह्यलो ना मी. तिकीट, कॅन्टीन, नावाडी. बाया टोप्या घालून मासे तळतील. तठी दु.ले पाह्यलं मी, लोक रांगा लावते.”

त्याच्या तोंडात ‘दु.’ नव्हतं, त्यानं पूर्ण नाव घेतलं, आणि माझ्यापेक्षा बरं घेतलं. तो तिथं गेलाय, मी नाही. गावावर त्याचं खरंच प्रेम बसलंय, हे पाहून मी गडबडलो. लबाड माणसाचं मला समजतं. भारावलेल्याचं काय करायचं?

मी म्हटलं, नऊ घरं बसतील आणि नाही म्हणतील. एक जरी म्हणालं तरी संपलं.

तो नुसता हसला. ते हसू घरापर्यंत बरोबर आलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर दु.चा धक्का, खाली वणा, मध्ये सूर्य एकच. आत माझं नाव, ‘सांस्कृतिक सल्लागार’. आईला पाठवावीशी वाटली.

‘आपली परंपरा’चं पान नाही. विचारलं तर म्हणे, जागा पुरली नाही. शेवटचं पान कोरं आहे.

५ मार्च, गुरुवार

महादेव घरी आला. सदरा तोच. हातात समितीनं सरकारकडे पाठवलेल्या प्रस्तावाची प्रत, सगळ्या घरांना वाटलीय. त्याला वाचता येतं, पण म्हणाला, सरकारी मराठी हाय, तुमी वाचा.

वाचली. ‘परिशिष्ट ब: वाळूपट्टा धारकांची यादी.’ खाली माझं पान.

माझं अक्षर, माझे रकाने, त्यांचे अंगठे. मथळा नाही. झेरॉक्स काढताना वरच्या भागावर पट्टी ठेवली असणार, तिची कड काळी उमटलीय. परंपरा पट्टीखाली गेली, धारक उरले. पुढच्या पानावर: बहुसंख्य धारकांची लेखी संमती मिळाल्यास उन्हाळ्यात पाणी अडवण्यास हरकत राहणार नाही.

म्हणजे नऊ घरांनी एकत्र बसायचंच नाही. पाच जणांनी आपापल्या घरी सही करायची. आणि पाणी काही गोदाबाईच्या जागेच्या कडेला येऊन थांबत नाही.

मी दौऱ्याचा संशय घेतला, सदऱ्याचा घेतला, चहाचा घेतला, बायकोचा घेतला. एका गोष्टीचा घेतला नाही.

महादेवला समजावलं. तो खाली बघत होता. मग म्हणाला, “म्या केली सर सही. कालच. मधली जागा माही, असं कागदावर लिवलं होतं. आपलं नाव अन् पुढं जागा, असं कधी पाह्यलंच नव्हतं.”

पुढच्या साली ती जागा तुमची नसेल, मी म्हटलं. तो म्हणाला, पण कागदावर असन ना.

६ मार्च, शुक्रवार

बं.भा.ला फोन. यादी परत दे. “यादी तुही, अक्षर तुहं. म्या फक्त झेरॉक्स काढली.” पेपरात लिहीन म्हटलं. म्हणाला, लिही, पण सांस्कृतिक सल्लागारानं लिहिलं असं खाली छापतील. मग मऊ आवाजात: “वहिनीचा व्हिसा फॉर्म राह्यला. पाठवून देजो.”

पाठवणार नाही, हे मी त्याला म्हणालो नाही. म्हणेन.

८ मार्च, रविवार

शैलाला सगळं सांगितलं. ती ऐकून घेते, मग एकच विचारते: गोदाबाईंना सांगितलं? नाही. “मग मला काय सांगताय?” पासपोर्टच्या फोटोंचं पाकीट तिनं उचलून कपाटात ठेवलं. फेकलं नाही. ठेवलं.

११ मार्च, बुधवार

पिंपळघाट. तिला आधीच कळलं होतं. डांगरं मुठीएवढी झाली आहेत, ती त्यांच्याखाली गवत सारत होती, वाळूनं भाजू नयेत म्हणून. मी उभा. ती उठली नाही.

सांगून टाकलं सगळं. दौरा, दोन जागा, पान, अंगठे. माहीत नव्हतं, हेही म्हणालो. ते वाक्य तोंडातून निघाल्यावर किती हलकं वाटतं, आणि ऐकणाऱ्याला ते किती पोकळ लागतं.

“त्या दिशी घमेल्यात हात घातला, तवा तुमाले तठी जायाचं होतं का नाई?”

होतं.

“मंग तुमचा हात परका काऊन म्हनू मी?”

पुढच्या रोपाकडे सरकली. मी पाच-दहा मिनिटं थांबलो असेन. दुसऱ्या वेलाखाली गवत सारायला वाकलो तर म्हणाली, राहू द्या, देठ तुटन.

१५ मार्च, रविवार

चार सह्या झाल्या, असं कळलं. पाचवी हवी आहे. बं.भा.ची गाडी मोहल्ल्यात रोज दोनदा. टोप्या शिवून आल्या, पांढऱ्या, दु.च्या बायांसारख्या. दोघींनी घालून पाहिल्या. एकीला बरी दिसत होती, असं महादेवच सांगत होता.

बं.भा.ला संदेश पाठवला: दोन जागा रद्द कर. उत्तरात अंगठा. कुठला अर्थ घ्यायचा?

सदर लिहायला बसलो. विनोदी झालं. फाडलं.

१८ मार्च, बुधवार

गोदाबाई आमच्या दारात. बाजारातून परस्पर, डोक्यावर रिकामी टोपली. शैलानं पाणी दिलं, ते उभ्यानंच प्याली. मला काही विचारलं नाही, सांगितलं. रविवारी नऊ घरं बसणार. कागद करायचा. वाळू कोणाच्याच नावाची नाही, दरवर्षी खुणा टाकून वाटतात, जानेवारीची यादी त्या एका सालापुरती होती. सही केलेल्यांनी ती मागे घेतली. “तुमी लिहाल. दुसऱ्यानं लिवलं त सायबायले दोन कागद दिसन, दोन अक्षरं. एकच अक्षर पाह्यजे.”

वकील गाठू या का, म्हटलं. “वकील परका. तुमी आता परके कुठी?” एवढं बोलून निघाली. तिनं माझ्याकडे पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

जमिनीवर हक्क सांगणारे अर्ज मी खूप पाहिलेत. हक्क नाही, म्हणून राहू द्या, असा अर्ज कसा लिहितात? दोन मसुदे केले. पहिला वाचून शैला म्हणाली, यातही तुम्ही हुशार दिसताय. दुसरा साधा.

२२ मार्च, रविवार

दहा वाजता मोहल्ल्यातल्या लिंबाखाली. सहा घरं आली. दोन जणांनी निरोप पाठवला, येतो म्हणून. महादेव आला, पण सावलीत नाही, पलीकडे डोंग्याला टेकून उन्हात उभा, तोच सदरा. जात नव्हता, येतही नव्हता.

मी कागद वाचला. गोदाबाई म्हणाली, पुन्हा. पुन्हा वाचला. मग कागद माझ्या हातातून घेऊन एका पोरीला दिला, बारावीतली, तिनं वाचला. मी वाचला तोच निघाला. ते तपासणं सगळ्यांच्या तोंडावर होतं, आणि मी ते चोरून बघत बसलो.

गोदाबाईनं पहिला अंगठा दिला. मग पाच. त्यात एक सही मागे घेणारा. महादेव बघत होता. “भाऊजी, या ना,” तिनं एकदाच म्हटलं, आवाज न चढवता. तो म्हणाला, “ऐकून राह्यलो वहिनी,” आणि तिथंच उभा. दोन घरं अजून यायची होती. बं.भा.ची गाडी येते ती वेळही होत आली होती.

कागद तिनं मांडीवर घेतला. उलटा केला. मागची बाजू कोरी. सुलटा केला. अंगठ्यांखाली चार बोटं जागा मोकळी होती, आणि वर मथळ्याच्या डोक्यावर थोडी.

“हे काऊन सोडलं?”

सोडलं नाही, उरलं, मी म्हटलं. उरलेल्या तिघांचे अंगठे खाली यायचेत.

“तिघांपुरतं ठेवा. बाकीच्यावर रेघ मारा, कोनी मागून काही लिवू नये.”

मी वर मारली, खाली मारली. मागची पूर्ण बाजू तिरकी छेदली. तिनं कागद उजेडात धरला. मग माझ्या हातातला पेन घेतला, खुरपं मुठीत धरतात तसा धरला, आणि माझ्या रेघेशेजारी, हळूहळू, आपली एक रेघ ओढली.